हातचा

बर्स्लेमला बसमधून उतरले तेव्हा चारच वाजलेले, आणि दिवस संपलेला.
नोव्हेंबरात इथे उजेडसुद्धा अर्ध्या वेळेच्या नोकरीवर असतो.
पिशवीत लॅपटॉप, संमतीपत्राच्या दोन प्रती, ओली छत्री
आणि एक नाव, जे अहवालात लिहायची मला मुभा नाही.
तक्त्यात ती चार हजार चारशे सतरा.
दार उघडलं ते ग्लेनिस हॅसलने, घरातल्या सपाता घालून.

वडिलांचा व्यवसाय?
साच्यांत पातळ माती ओतायचे. चहादाण्या.
गिरणीसारखा मोठा कारखाना, मग छोटा, मग फक्त भिंत.
आजोबांचा, ठाऊक असल्यास?
ती हसली. सॅगर मेकर्स बॉटम नॉकर.
मी स्पेलिंग विचारलं.
भट्टीत कपबश्या रचायच्या त्या मातीच्या पेट्या,
त्यांचे तळ थापून थापून सपाट करणारा.
माझ्या यादीत साडेतीनशे धंदे आहेत.
हा नाही.
मी 'इतर' दाबलं. मशीनने मुकाट्याने घेतलं.

आणि आई, ती म्हणाली, कपांच्या काठाला सोनेरी रेघ ओढायची,
श्वास धरून, एका दमात, दिवसाला शेकड्यांनी.
आईचा रकाना या फेरीत नव्हता.
मी ते समासात मराठीत लिहून घेतलं,
तिथे ते कुणीच मोजणार नाही.

चहा आला. मी कप उचलला तशी तिने माझी बशी उलटी केली,
मागचा शिक्का पाहिला, परत ठेवली.
माफ कर, म्हणाली, इथे सगळे असंच करतात,
लग्नात, हॉटेलात, परक्याच्या घरी. ही तर माझीच बशी.
कुठल्या भट्टीची, ते कळल्याशिवाय घास उतरत नाही.
मला वाटलं, माझा प्रबंध तरी दुसरं काय करतो?
चार हजार माणसं उलटी करून
तळाशी बापाचं नाव वाचतो.

मुलगा किअरन. घराण्यातला पहिला पदवीधर, भूगोल.
पार्सलच्या गोदामात, आईच्याच. ती दिवसपाळी, तो रात्रपाळी.
फाटकाशी रोज भेट होते, डबा आणि किल्ली बदलायला.
त्याला तासाला चाळीस पेन्स जास्त, ते रात्रीचे.
शिक्षण: दोन पायऱ्या वर.
उत्पन्न: होतं तिथेच.
आलेखावर तो ठिपका तिरक्या रेषेला चिकटून बसेल,
आणि माझे सर म्हणतील, एक ठिपका म्हणजे पुरावा नव्हे.
खरंच नव्हे. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगते.

ती म्हणाली, आणि तुझं गं? तुझे वडील?
टायर जोडायचे, एसटीच्या गडहिंग्लज आगारात.
मग तू तर आमच्यापेक्षा वर गेलीस की!
मी नमुन्यातच नाही, मी म्हटलं.
जन्म परदेशी, म्हणजे नऊचा आकडा, म्हणजे वगळा.
ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
शिक्का सापडेना अशा बशीकडे बघावं तशी.

परतीच्या बसमध्ये काच धुरकट.
बोटाने उगाच एक बेरीज मांडली, सत्तेचाळीस अधिक अडतीस,
आणि तिसरीतल्या माणगावकर बाई आठवल्या, हातावर पट्टी.
हातचा विसरलीस! सात नि आठ पंधरा, पाच खाली, एक कुठे?
वर लिही, बारीक, पुढच्याच्या डोक्यावर.
उत्तर आलं की खोडून टाक,
वही स्वच्छ दिसली पाहिजे.

पंच्याऐंशी. बरोबर.
काचेवरचा तो बारीक एक
मी पुसला नाही.
हॅन्ले येईपर्यंत तो आपोआपच ओघळत खाली आला,
पाचावरून, आठावरून.